बहिरी ससाण्याची पिल्ले रानात कशी सोडतात? मेळघाटात करता येईल का?

बंदिस्त जागी वाढवलेली पिल्ले साधारण 35 दिवसांची झाली की कड्यावरच्या पेटीत ठेवतात. समोर गज, तळाला बारीक खडी. लाव्ह्याचे मांस मागच्या नळीतून टाकायचे, माणूस अजिबात दिसू नये. सुमारे 42व्या दिवशी गज काढतात; पण शिकार जमेपर्यंत आणखी चार-सहा आठवडे खाणे तिथेच ठेवावे लागते. यात घाई केली की पिल्लू उपाशी मरते. दुसरा घात मोठ्या घुबडाचा. अमेरिकेत त्याने बरीच पिल्ले मारली, म्हणून घुबड असलेला कडा टाळाच.

मेळघाटात मात्र याची गरज नाही. बहिरी आपल्याकडे हिवाळी पाहुणा. इथल्या कडेकपारीत वीण करतो तो त्याचाच भाऊबंद शाहीन. जोडी दिसली तर जानेवारी ते एप्रिल त्या कड्याकडे फिरकू नका आणि वनविभागाला कळवा.