चढाला इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही

प्रश्न : मेस्त्री, आमची मारुती ८०० आहे, २००४ चं मॉडेल. गावात बरी चालते, पण पन्हाळ्याच्या चढाला रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. जळका वासही येतो. एका गॅरेजमध्ये इंजिनकाम सांगितलंय. करू का?
— एक शिक्षिका, वडणगे

उत्तर : ताई, इतक्यात इंजिन खोलू देऊ नका. आवाज चढतो पण वेग चढत नाही, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचतच नाही. क्लच स्लिप होतोय, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारी त्याची प्लेट घसरतेय.

खात्री करून घ्या. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, टॉप गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. चालूच राहिलं तर तो गेला. हे एकदाच करा, परत परत केलं तर प्लेट आणखी जळते.

त्याआधी क्लचची केबल मात्र बघा. पेडलला सुरुवातीला थोडा ढिला खेळ हवा. प्लेट झिजेल तसा तो संपतो आणि पाय न ठेवताही क्लच दाबलेला राहतो. केबलचा गिअरबॉक्सकडचा नट फिरवून कधीकधी तेवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. मजुरी सगळी त्यातच जाते, म्हणून नुसती प्लेट टाकू नका. प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरते ती) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवतं ते) यांच्यासकट पूर्ण सेट घाला. जुनी प्लेट हातात घेऊन बघा. रिव्हेटची डोकी वर आली असतील तर ती झिजलीय. ओली, काळी असेल तर ऑइल सील गळतंय. ते न बदलता बसवलेली नवी प्लेटही फुकट जाणार. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट टेकते त्या इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर साफ करून घ्या. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथला काय तोटा! गिअर ऑइल नवीन भरायला सांगा.

पहिले काही शे किलोमीटर गाडीवर जोर टाकू नका. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागं चढाला थांबायची वेळ आली तर हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक ओढा.