शेवंतीचा तांबूस रंग कुठे गेला?

प्रश्न : माझ्या मुलीने महाविद्यालयातील प्रकल्पासाठी टिश्यू कल्चरने वाढवलेल्या गुलाबी शेवंतीवर ईएमएस या रसायनाची प्रक्रिया केली होती. त्यांतील एका रोपाला गेल्या हिवाळ्यात अर्धे गुलाबी आणि अर्धे तांबूस फूल आले. त्याच फांदीची छाटकलमे लावली, परंतु यंदा ती सारी गुलाबीच फुलली. मग तो बदल खोटा होता का? आणि असा प्रयोग घरच्या गच्चीवर करता येईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : बदल बहुधा खराच होता, पण तो त्या रोपाच्या थोड्याच पेशींत झाला होता. ईएमएस, म्हणजे इथिल मिथेनसल्फोनेट, डीएनएमधील ग्वानिन या घटकाला इथिल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा) चिकटवते. असे ग्वानिन आपल्या नेहमीच्या जोडीदाराऐवजी, म्हणजे सायटोसिनऐवजी, थायमिन या दुसऱ्या घटकाशी जोडी जमवते आणि पेशीविभाजनानंतर तो बदल कायम होतो. ही घटना प्रत्येक पेशीत स्वतंत्रपणे घडते. शेंड्यात अनेक पेशींचे थर असल्यामुळे बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी शेजारी शेजारी वाढतात. अशा मिश्र रोपाला कायमेरा म्हणतात. आपण ज्या डोळ्यांपासून कलमे केली, ते डोळे न बदललेल्या पेशींपासून तयार झाले असावेत. म्हणून प्रक्रियेनंतर रोपांचे तीन-चार वेळा पुनर्संवर्धन करून, म्हणजे त्यांच्या नव्या फुटव्यांपासून पुन्हा पुन्हा रोपे वाढवून, मगच निवड करण्याची पद्धत आहे.

तांबूस रंग टिकवायचा असेल, तर फांदीकडे न जाता फुलाकडेच जावे. शेवंतीची ज्याला आपण पाकळी म्हणतो, ते खरे तर एक स्वतंत्र छोटे फूल असते. पूर्ण तांबूस असलेल्या कोवळ्या पाकळ्या बुडापासून काढून, निर्जंतुक करून, मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये मांडलेल्या पोषक माध्यमावर बीएपी व एनएए या वाढ-संप्रेरकांसह ठेवल्या, तर पाकळीच्या पेशींपासूनच नवे अंकुर फुटू शकतात आणि त्यांतून संपूर्ण तांबूस रोप मिळण्याची चांगली शक्यता असते. अंकुर थेट फुटावेत, मधे कॅलसचा, म्हणजे आकारहीन पेशींचा, गोळा वाढू देऊ नये, असा माझा आग्रह आहे. कारण कॅलसमधून रसायनाशिवायही अनपेक्षित बदल उद्भवतात, ज्यांना लार्किन आणि स्काउक्रॉफ्ट यांनी 1981 मध्ये सोमाक्लोनल विविधता हे नाव दिले. मिळालेली रोपे फुलल्यावर रंगाची पुन्हा खात्री करावी. उशिरा, उष्ण दिवसांत उमललेल्या फुलाचा गुलाबी रंग मुळातच फिका पडतो, त्याला बदल समजू नये.

गच्चीवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये, हे मी कळकळीने सांगते. ईएमएसमुळे कर्करोग होऊ शकतो आणि त्याची वाफही घातक असते. ते वायुशोषक कपाटात (वाफ बाहेर खेचणाऱ्या प्रयोगशाळेतील कपाटात), हातमोजे घालूनच हाताळतात, आणि उरलेले द्रावण सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ केल्यावरच त्याची विल्हेवाट लावतात. पुष्कळांना कॉल्चिसिन हे दुसरे रसायन सोपा पर्याय वाटतो. पण तेही विषारी आहे, आणि त्याचे काम निराळे आहे. पेशीतील गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू ते तयार होऊ देत नाही, त्यामुळे गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. रंगाचा एखादा जनुक बदलण्यासाठी ते वापरत नाहीत.

मूळ रोप अजून जिवंत असेल, तर त्याला उन्हाळाभर अर्धसावलीत ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात तांबूस पट्टा पुन्हा दिसताच त्या कळीच्या देठाला दोरा बांधून ठेवावा आणि फूल पूर्ण उमलण्याआधीच ते मुलीच्या प्रयोगशाळेत पोहोचवावे.