नवी जाती की नवी प्रजाती?

गोरेगावहून एका वाचकांनी विचारलं आहे: मुलीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'जातिउद्भव' (नवी जाती तयार होणं) असा शब्द आहे, वर्तमानपत्रं मात्र सर्रास 'नवी प्रजाती' लिहितात. बरोबर काय? आणि प्रजाती 'उत्क्रांत' होते की 'विकसित'?

आपल्या शालेय परिभाषेतली उतरंड अशी आहे: कुल, प्रजाती, जाती. प्रजाती हा मोठा गट, जाती त्याच्या पोटात. उदाहरण मुंबईतलंच घेऊ. जोगेश्वरीत अंधांच्या एका शाळेच्या आवारातल्या विहिरीत वामेसारखा लांबट मासा मिळाला. त्याला डोळे नाहीत, अंगावर खवले नाहीत. २०२१ साली त्याचं बारसं झालं, 'रक्तमिक्थिस मुंबा'. यातलं रक्तमिक्थिस हे प्रजातीचं नाव. तिच्यातल्या आणखी जाती केरळात, मेघालयात आहेत. मुंबा ही जाती, मुंबाआईच्या नावाची. तेव्हा 'मुंबईत नवी प्रजाती सापडली' ही बातमी परिभाषेच्या हिशेबाने चूक. सापडली ती जाती.

मग वर्तमानपत्रं प्रजाती का लिहितात? हिंदीत जातीच्या अर्थी 'प्रजाति' रुळला आहे (वरच्या गटाला तिकडे 'वंश' म्हणतात), तो तसाच इकडे आला असावा. शिवाय जाती म्हटलं की दाखल्यावरची जात आठवते आणि लिहिणारा बिचकतो, असा माझा अंदाज. पण 'पक्ष्यांच्या जाती' म्हणताना कोणी बिचकत नाही. बाजारात 'हापूस ही आंब्याची एक जात' म्हणतात, तेही चालू द्या. शास्त्राच्या वहीत मात्र हापूस, पायरी, केसर हे वाण आणि आंबा ही एकच जाती.

'जाती' मला आवडतो तो त्यातल्या 'जन्' (जन्माला येणं) या धातूमुळे. एकमेकांत प्रजनन करून फलनक्षम संतती देणारे जीव म्हणजे एक जाती, ही पुस्तकातली व्याख्या त्या धातूला शोभते. न्यायसूत्र या तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात 'समानप्रसवात्मिका जातिः' असं सूत्रही आहे. पण तिथे प्रसव आहे तो समान बुद्धीचा, म्हणजे अनेक गोष्टी पाहून 'या एकाच प्रकारच्या' असं वाटण्याचा; पिल्लांचा नव्हे. 'आमच्याकडे हे आधीच होतं' म्हणायचा मोह आवरावा.

या व्याख्येतूनच जातिउद्भव कळतो. एका जातीच्या जीवांमध्ये दरी, समुद्र किंवा डोंगर आला, दोन्हीकडचे जीव पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे बदलत गेले, आणि पुढे कधी भेटले तरी त्यांचं आपसांत जमेना, की जाती दोन झाल्या. सह्याद्रीत पालघाटच्या खिंडीने असंच केलं आहे. शोला म्हणजे उंच डोंगरांवरच्या जंगलातल्या निळ्या पक्ष्याची एक जाती खिंडीच्या उत्तरेला निलगिरीकडे, दुसरी दक्षिणेला, आणि प्रजाती दोघींची एकच, शोलिकोला. (लिहिताना 'जाती' दीर्घ, पण समासात 'जातिउद्भव' ऱ्हस्व. संधी करून 'जात्युद्भव' केला नाही हे बरं केलं. दहावीच्या मुलांच्या जिभेवर दया केली.)

'विकसित' नको, कारण विकासात पुढे जाणं गृहीत असतं. उत्क्रांतीतल्या 'उत्'वरही हाच आक्षेप घेतात: डोळे गेलेला मासा वर चढला कसा? पण उत् म्हणजे नुसतं वर नव्हे, बाहेरही. ब्रह्मसूत्रात 'उत्क्रान्ति' येते ती जीवाने देह सोडून बाहेर पडणं या अर्थी. आधीच्या रूपातून बाहेर पडलेलं पाऊल, असा अर्थ घेतला तर मुंबा अगदी व्यवस्थित उत्क्रांत आहे.

वाचकांनी विचारलेलं नाही, पण खरी गडबड क्रियापदात आणि त्याहून जास्त 'साठी'त होते. 'अंधारात राहण्यासाठी माशाने डोळे टाकून दिले' हे वाक्य मराठीत इतकं सहज येतं की खटकत नाही. त्यात माशाला हेतू चिकटला आणि एकटा मासा आयुष्यात बदलला असंही झालं. प्रत्यक्षात कायम अंधारात राहणाऱ्या माशांत डोळे बिघडलेलं पिल्लूही मागे पडत नाही, ते तगतं, त्याला पिल्लं होतात; डोळे पोसायला लागणारी ऊर्जा वाचली तर ते उलट फायद्यातच असतं. असं अनेक पिढ्या चाललं की डोळे नसलेल्यांचाच भरणा होतो. बदलतो तो समूह. म्हणून कर्ता बदला, 'साठी' काढा: 'कायम अंधारात राहिलेल्या या माशांचे डोळे पिढ्यांमागून पिढ्या क्षीण होत नाहीसे झाले.' लांब आहे, पण बरोबर आहे.

मुलीने परीक्षेत जाती आणि जातिउद्भव लिहावं. आणि बातमीत 'नवी जाती निर्माण झाली' असं दिसलं तर तिने 'निर्माण झाली' खोडून 'आढळली' करावं. मुंबा २०२१ साली जन्माला आली नाही, तेव्हा तिला नाव मिळालं.