गावच्या होळीपासून सुरुवात कर

प्रिय बेटा,

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीवर काम करायचंय, असं लिहिलंस. फार बरं वाटलं. पहिलीपासून आश्रमशाळेत, पुढे नाशिकला, त्यामुळे घरचंच नीट माहीत नाही, ही तुझी खंतही कळली. पण तुला आपली पावरी बोली येते. बाहेरून येणाऱ्या बहुतेकांना ती येत नाही.

काठीला जाच. होळीचा खड्डा हातांनी उकरतात, उंच बांबू उभा राहतो, पहाटे होळी पेटते. एकदा तरी डोळ्यांनी बघायला हवं. पण तिथे कॅमेऱ्यांची कमी नाही. सातपुड्यात गावोगावची होळी वेगवेगळ्या दिवशी असते, म्हणून आधी धडगावकडच्या आपल्या गावी जा, आणि होळीच्या चार दिवस आधी जा.

तुझा काका होळीत नवसाने नाचणारा बुध्या होतो ना? त्याच्याजवळ बस. मोरपिसांचा टोप, कमरेचे सुके दुधी, घुंगरू, अंगावरच्या राखेचे पट्टे हे सगळ्यांना दिसतं. त्यामागची पालनी, म्हणजे त्या दिवसांत पाळायचे नियम, कुणाला दिसत नाही. नवस कशासाठी बोलला, खाटेवर झोपणं का सोडलं, घरातल्यांनी त्या दिवसांत काय सांभाळलं, ते त्याच्याच शब्दांत, पावरीत, देवनागरीत लिहून घे. मराठी नंतर. आजीची गाणीही तशीच. पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात गेलं तरी चालेल.

भोंगऱ्याबद्दल मात्र ठाम राहा. होळीसाठी दाळ्या, गूळ, कपडे, घुंगरू घेण्याचा हा बाजार. बातम्यांनी त्याला वर्षानुवर्षं पोरी पळवून नेण्याचा बाजार करून टाकलं. याचा मला अजूनही संताप येतो. आपली शिकलेली पोरं ते खोडून काढताहेत. तूही लिही, आणि म्हाताऱ्या माणसांच्या साक्षीनिशी लिही.

जमलं तर तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींतही जा. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली. त्यांतली कितीतरी घरं डोंगर सोडून सपाटीवर आली. तिथे होळीची जागा कुणी ठरवली, बांबू कुठून येतो, जुन्या गावच्या देवांचं काय केलं, हे विचार. ही माहिती देणारी पिढी आता थकली आहे, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नकोस.

आणि रेकॉर्डिंग करण्याआधी विचार. नको म्हटलं तर फोन खिशात. गाणाऱ्याचं नाव कसं घालायचं, हे त्यालाच विचारून ठरव, आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेव.

तुझा,
गुरुजी