घाटाच्या कोणत्या अंगाला, पावसाच्या कोणत्या टप्प्यात? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळी प्रवासाविषयी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा साचा एकच आहे: अमुक महिन्यात अमुक ठिकाणी जावे का? नुसत्या महिन्यावरून याचे उत्तर देता येत नाही. ते गाव सह्याद्रीच्या कोणत्या अंगाला आहे आणि पावसाळा तेव्हा कोणत्या टप्प्यात असेल, हे आधी पाहावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पसरणी घाट उतरून वाईत आले की त्याच्या पाचव्या हिस्स्याइतकाही पडत नाही, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात शेतकरी जुलैतही आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. निवडलेल्या प्रश्नांची उत्तरे हे ध्यानात ठेवून वाचावीत.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांच्या सुटीमुळे जुलैतच भारतात येता येते. मुलांना मालवणचा समुद्र, सिंधुदुर्ग किल्ला आणि पाण्याखालचे प्रवाळ दाखवायचे आहेत. दोन आठवडे कसे आखावेत?

उत्तर: यांपैकी समुद्र तेवढा दिसेल आणि तोही किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी साधारण मेअखेरीस बंद होते आणि पावसाचा जोर ओसरल्यावरच पुन्हा सुरू होते. जलक्रीडाही त्या काळात बंद असतात, आणि त्या चालू असत्या तरी नद्यांनी आणलेल्या गाळामुळे पाण्याखाली हातभर अंतरावरचेही दिसले नसते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे जुलैत ताटात ‘ताजी’ म्हणून वाढलेली सुरमई बहुधा बर्फातली असते. त्यापेक्षा खाडीच्या कुर्ल्या, सुक्या बांगड्याची कोशिंबीर आणि टाकळ्याची भाजी मागावी. घरगुती खाणावळीत ती आनंदाने करून देतात.

तरीही तळकोकण गाळू नका. बेत तेवढा बदला. किल्ला पाहायचाच असेल, तर विजयदुर्गाला रस्त्याने थेट दारापर्यंत जाता येते. सावडाव आणि नापणे हे धबधबे त्याच दिवसांत भरात असतात आणि भातलावणी चालू असते. न्यू जर्सीहून आलेल्या मुलांना गुडघाभर चिखलात उभे राहून दोन मुठी रोपे लावायला मिळाली, तर प्रवाळांची आठवण निघणार नाही असे मला वाटते. मात्र कोकणात चार-पाच दिवसांपेक्षा अधिक राहू नये, कारण झड लागली की कपडे वाळत नाहीत, वीज जाते आणि मुले कंटाळतात.

उरलेले दिवस घाटाच्या पूर्वेला काढावेत. वेरूळ आणि अजिंठा पाहायला उत्तम काळ कोणता, असे कोणी विचारले तर मी हिवाळ्याऐवजी पावसाळाच सांगतो. मे महिन्यात तापलेल्या तव्यासारखा असणारा तो कातळ जुलैत हिरवा झालेला असतो, वेरूळच्या 29 क्रमांकाच्या लेण्यालगत धबधबा कोसळत असतो, अजिंठ्याच्या नालाकृती दरीतून वाघूर वाहत असते, आणि पाऊस मात्र हिंडण्याफिरण्यात व्यत्यय आणील इतका क्वचितच पडतो. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेवढे वार जुळवून घ्यावेत.

प्रश्न: कासच्या पठारावर सत्तरीच्या आईवडिलांना न्यायचे आहे. नेमका कोणता आठवडा धरावा?

उत्तर: नेमका आठवडा कोणीही आधी सांगू शकत नाही, कारण बहर तारखेवर नाही, उघडिपीवर अवलंबून असतो. जांभ्या कातळावरच्या वीतभर मातीत पाणी मुरलेले हवे आणि वर ऊनही हवे. दोन्ही एकत्र आले की फुले येतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा आरंभ ही त्यांची मुदत, आणि त्यातही एका वेळी एकच रंग असतो असे नाही: पांढरे गेंद, सीतेच्या आसवांचा जांभळा, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा असे पट्टे एकमेकांत मिसळत पुढे सरकतात. मी सप्टेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा आणि कामाचा वार सुचवीन. येथे दररोज मर्यादित पर्यटकांनाच सोडतात, त्यामुळे आगाऊ नोंदणी करावी. सकाळी धुके असते म्हणून दहाच्या सुमारास पोहोचावे, आणि ज्येष्ठांसाठी काठी व न घसरणारे बूट हवेतच, कारण ओला जांभा साबणासारखा असतो.

प्रश्न: 1 ऑक्टोबरला ताडोबा उघडताच वाघ पाहायला जावे का?

उत्तर: केवळ वाघासाठी जाऊ नये. गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते आणि उघडते तेव्हा गवत पुरुषभर वाढलेले, पाणी जागोजागी साचलेले असते. वाघाला पाणवठ्यावर येण्याचे कारणच उरत नाही. वाघ हवा असेल तर एप्रिल-मेचे चंद्रपूरचे ऊन सोसावे लागते. जंगल हवे असेल, तर ऑक्टोबर सुंदर आहे.

प्रश्न: आम्ही ताम्हिणीत मुक्काम आरक्षित केला होता. आदल्या दिवशी ‘ऑरेंज अलर्ट’ आला, आम्ही बेत रद्द केला आणि पुण्यात दिवसभर ऊन पडले. अशा इशाऱ्यांवर किती विश्वास ठेवावा?

उत्तर: पुण्यातल्या उन्हावरून ताम्हिणीचा इशारा खोटा ठरत नाही. हवामान विभाग पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतो; बातमीत मात्र बहुधा जिल्ह्याचेच नाव उरते. म्हणून मूळ पत्रकातील ‘घाट भाग’ हे शब्द शोधावेत. त्यांच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, 115.6 पासून ‘अति मुसळधार’ आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. हे 24 तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. त्यामुळे शनिवारी सकाळी वाचलेला आकडा प्रत्यक्षात बव्हंशी शुक्रवारचा असतो.

माझा स्वतःचा नियम सांगतो. यलो अलर्ट असताना मी जातो, पण घाट उजेडात ओलांडतो. ऑरेंज असताना घाटमाथ्यावर मुक्काम करीत नाही, आणि जुलैच्या उत्तरार्धात तर मुळीच नाही. माळीण 30 जुलै 2014, तळीये 22 जुलै 2021, इरशाळवाडी 19 जुलै 2023, दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्याच्या या तारखा एकाखाली एक लिहून पाहा. पाच-सहा आठवड्यांच्या पावसाने डोंगराची माती तोवर पाण्याने तुडुंब झालेली असते आणि वरून एकच मोठी झड आली की ती आधार सोडते. जूनमध्ये जो पाऊस डोंगर पिऊन टाकतो, तोच पाऊस जुलैअखेर त्याला पेलवत नाही.

काही वर्षांपूर्वी आंबोलीहून सावंतवाडीला एसटीने उतरत होतो. चालकाने एका वळणाअलीकडे गाडी थांबवली. पुढे दरड दिसत नव्हती की झाड पडलेले नव्हते. त्याने काचेतून डोंगराच्या बाजूच्या ओहोळाकडे बोट दाखवले. मघापासून पांढरेशुभ्र उतरणारे पाणी तांबडे झाले होते. “माती सुटली वरती,” एवढेच तो म्हणाला. वीसेक मिनिटांनी पुढच्या वळणावर दगडमातीचा ढीग रस्त्यावर आला. त्या दिवसापासून घाटात मी आधी पाण्याचा रंग पाहतो आणि मग मोबाइल पाहतो. पुलावरून पाणी जात असेल, तर ते किती खोल आहे याचा अंदाज बांधत बसू नये. गाडी मागे घ्यावी.

प्रश्न: डोंबिवलीहून गणपतीला गावी जाताना गेल्या वर्षी कडक ऊन होते, त्याआधी पाऊस. सणाच्या दिवसांत हवा कशी असेल हे ठरवता येते का? आणि गाडीचे आरक्षण केव्हा करावे?

उत्तर: सण चंद्रावर चालतात आणि पाऊस सूर्यावर, हे या गोंधळाचे मूळ आहे. गणेशचतुर्थी 2025 साली 27 ऑगस्टला होती. 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला आहे. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याची असल्यामुळे जागची हलत नाहीत: मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागते. म्हणजे एका वर्षी गणपती मघात आले, तर पुढच्या वर्षी उत्तरात. सप्टेंबरच्या मध्यावर कोकणात सततची झड सहसा नसते. सकाळी ऊन आणि दुपारनंतर गडगडाटासह सर असा दिवस गृहीत धरून गावात लवकर पोहोचणारी गाडी घ्यावी. आमच्या आजीची पिढी हे पंचांगात न पाहताच सांगत असे. अर्थात नक्षत्रही हमी देत नाही. 2025 साली मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत येऊन थडकला, तेव्हा मृग लागायला अजून बारा दिवस होते.

रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते, म्हणजे 11 सप्टेंबरच्या गाडीसाठी 13 जुलै. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक तेव्हा लागू असते आणि गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या वेळा आठवून पुढची एसटी ठरवू नये.

प्रश्न: नोव्हेंबरात पाऊस संपलेला असतो, म्हणून चेन्नई आणि पुदुच्चेरीचा बेत केला आहे. बरोबर ना?

उत्तर: नाही. तिथला मुख्य पावसाळाच ऑक्टोबर ते डिसेंबर हा आहे, कारण परतीचे ईशान्य वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन त्या किनाऱ्याला येतात, आणि वादळेही याच काळात होतात. बेत जानेवारीच्या उत्तरार्धात ढकलावा. नोव्हेंबर मोकळाच असेल, तर तो आपल्या सह्याद्रीतल्या गडांना द्यावा. वाटा वाळलेल्या असतात आणि टाक्यांत पाणी असते.