आईच्या फोनला फक्त कॉल लागतात, घरी वायफाय आहे. दर 28 दिवसांचं डेटा रिचार्ज परवडत नाही, काय करावं?

आधी हिशेब बघा. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज. तेरावा महिना इथेच लपलेला असतो.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक पॅक ठेवायला सांगितलं. मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. पण दुकानदार तो आपणहून सांगत नाही आणि ॲपमध्येही तो खाली कुठेतरी असतो. ‘व्हॉइस ओन्ली’ किंवा ‘व्हॅल्यू’ विभागात शोधा. भाव काढताना किंमतीला दिवसांनी भागा, नुसता आकडा बघू नका.

हा पॅक टाकल्यावर मोबाईल डेटा बंदच करून ठेवा; नाहीतर मुख्य बॅलन्स असेल तर त्यातून पैसे कापले जाऊ शकतात. बाहेर असताना व्हॉट्सॲप चालणार नाही, हे आईंना आधीच सांगा.

घरात रेंज नसेल तर पॅक स्वस्त असून उपयोग नाही. शेजाऱ्यांकडे कोणतं सिम नीट चालतं ते विचारा आणि पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला: PORT, मग जागा सोडून नंबर, असा एसएमएस 1900 वर. येणारा कोड बहुतेक राज्यांत 4 दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत. उरलेली मुदत मात्र बुडते, म्हणून पॅक संपत आल्यावरच करा.

साधा बटणांचा फोन घेणार असाल तर जिओला जुना टूजी चालत नाही, फोरजी व्होल्टीईवालाच (फोरजीवरून कॉल करणारा) घ्या.