घुमट सॅम्पल करताना

चवथीच्या आरतीसाठी घुमट (मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं आपलं वाद्य) सॅम्पल करून, म्हणजे त्याची थाप रेकॉर्ड करून, कीबोर्डात घ्यायचं म्हणतोस, तर आधी गेनकडे, म्हणजे माइकचा आवाज किती चढवून घ्यायचा त्याकडे, बघ. 'जरा वाजव' म्हटलं की वाजवणारा हात राखून वाजवतो. आरती रंगली की थाप भलतीच जोरात पडते. म्हणून त्याला सुरुवातीलाच सगळ्यात जोराची थाप मारायला सांग आणि मीटरचं टोक उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहील इतकाच गेन दे. शून्याला टेकलं की आवाज फाटलाच, मग व्हॉल्यूम उतरवून काही उपयोग नाही. कमी लेव्हल नंतर नॉर्मलाइझ करून (सगळं रेकॉर्डिंग सारखंच वाढवून) चढवता येते, फक्त सोबत खोलीतली खरखरही चढते. तेव्हा पंखा बंद! (मे महिन्यात घाम निघेल, निघू दे.)

ऑटो स्टार्ट (आवाज आला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू) लावलास तर थ्रेशोल्ड, म्हणजे किती आवाजाला सुरू व्हायचं ती पातळी, खाली ठेव आणि प्री-ट्रिगर (सुरू होण्याआधीचा क्षणही धरणं) थोडा दे, नाहीतर थापेचं तोंडच कापलं जातं. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) बंद. एकच माइक असेल तर मोनो पुरे: 48 किलोहर्ट्झ, 16 बिटला सेकंदाला 96 किलोबाइट लागतात, स्टिरिओला दुप्पट.

मडक्याचं मागचं तोंड हाताने झाकून आणि उघडं ठेवून, दोन्ही थापा वेगवेगळ्या घे.